आरोग्य विज्ञानातलं उन्हाळी संशोधन प्रशिक्षण: दहा आठवड्यांआधीचे पाच महिने

प्रश्न असा आहे: अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या आरोग्य विज्ञान विभागाला पुढच्या जूनपासून आठ पदवी विद्यार्थ्यांसाठी दहा आठवड्यांचं संशोधन प्रशिक्षण सुरू करायचं आहे. संशोधनात ज्यांचं प्रमाण कमी आहे अशा गटांतले हे विद्यार्थी असतील. कोणी घरातून पहिल्यांदाच कॉलेजात गेलेलं, कोणी कमी उत्पन्नाच्या किंवा ग्रामीण घरातलं. कृष्णवर्णीय, लॅटिनो, मूळ अमेरिकी, अपंगत्व असलेले. मार्गदर्शक तयार आहेत, पैशांची सोय होईलसं दिसतंय. सुरुवात कुठून करावी आणि अशा कार्यक्रमांत काय चुकतं?

सुरुवात जानेवारीत करा, आणि कागदपत्रांपासून करा. विद्यार्थी कमी पडला म्हणून उन्हाळा वाया गेला, असं अशा कार्यक्रमांत क्वचितच होतं. ओळखपत्र मिळायला तीन आठवडे लागतात, हातात दिलेला प्रकल्प मुळात दोन वर्षांचा असतो, किंवा रोज शिकवणारा पोस्टडॉक (पीएचडीनंतरचा संशोधक) नेमका जुलैत रजेवर जातो. घरचा आधार आणि ओळखीपाळखी असलेला विद्यार्थी यातूनही वाट काढतो, कारण त्याला पुढच्या वर्षी दुसरी जागा मिळते. पगाराची नोकरी सोडून जो तुमच्याकडे आला, त्याच्यासाठी बहुधा हाच एक उन्हाळा असतो. म्हणून इथली ढिलाई मला क्षम्य वाटत नाही.

आधी दिवस मोजा. दहा आठवडे म्हणजे कामाचे ५० दिवस. त्यातून १९ जून आणि ४ जुलै या सुट्ट्यांचे दोन दिवस गेले. ओळख, सुरक्षा प्रशिक्षण आणि संगणक खाती उघडण्यात तीन. आठवड्याला अर्धा दिवस एकत्र सत्र ठेवलं तर आठ आठवड्यांचे चार. शेवटचा आठवडा पोस्टर आणि सादरीकरणाचा, म्हणजे पाच. उरले ३६. प्रयोगशाळेतल्या नवख्याचा दर तिसरा प्रयोग फसणार असं धरलं, तर निकाल देणारे दिवस २४ राहतात. प्रकल्प या २४ दिवसांच्या मापाने बेतायचा. मार्गदर्शकांशी पहिली बैठक असेल तेव्हा हा हिशोब फळ्यावर मांडा. त्यानंतर त्यांचे प्रस्ताव आपोआप छोटे होतात.

निवडीच्या निकषांआधी कायद्याचं पाहून घ्या. राष्ट्रीय आरोग्य संस्थेने, म्हणजे एनआयएचने, २०१९च्या सूचनेत अशा गटांची व्याख्या केली होती. वंचित पार्श्वभूमी ठरवायला तिथे अनेक निकष होते (कमी उत्पन्नाच्या विद्यार्थ्यांचं सरकारी पेल अनुदान, पालकांकडे पदवी नसणं, ग्रामीण भागात वाढणं, बेघरपणा, अनाथ संगोपन व्यवस्थेत राहिलेलं असणं वगैरे) आणि त्यांतले किमान दोन लागू असावे लागत. जून २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्डच्या खटल्यात प्रवेशासाठी वंशाचा विचार करण्यावर बंधन घातलं आणि २०२५मध्ये एनआयएचने विविधतेसाठीची बरीच प्रशिक्षण अनुदानं थांबवली. आज अर्जाची जाहिरात लिहिताना विद्यापीठाच्या विधी कार्यालयाकडून मजकूर तपासून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. आर्थिक परिस्थिती, घरात पहिली पदवी, कॉलेजात संशोधनाची सोय नसणं यांवर निवड आखता येते. नाही तरी दार खरं अडलेलं असतं ते याच गोष्टींनी. राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानच्या, म्हणजे एनएसएफच्या, पदवी विद्यार्थ्यांना संशोधनाचा अनुभव देणाऱ्या आरईयू योजनेकडे पाहणार असाल तर एक लक्षात असू द्या: एनएसएफ सहसा रोगनिदान किंवा उपचार हे उद्दिष्ट असलेल्या संशोधनाला पैसे देत नाही. विषय मूलभूत जीवशास्त्राचा असेल तरच तिकडे जा.

अर्जात '३.५ जीपीए (चारपैकी सरासरी गुणांक) आवश्यक' आणि 'पूर्वीच्या संशोधनाला प्राधान्य' या दोन ओळी घातल्या की कार्यक्रम ज्यांच्यासाठी आहे तेच बाहेर पडतात. आठवड्याला २५ तास नोकरी करून ३.१ मिळवणारी विद्यार्थिनी आणि वसतिगृहात राहून ३.६ मिळवणारा विद्यार्थी यांच्या आकड्यांची थेट तुलना होत नाही. पूर्वानुभवाला गुण देऊ नका. ज्याने दोन उन्हाळे संशोधन केलंय त्याला तिसरं कुठेही मिळेल. शिफारसपत्रं दोनच मागा, आणि त्यांतलं एक कामाच्या ठिकाणच्या वरिष्ठाचं चालेल असं स्पष्ट लिहा. ४०० मुलांच्या वर्गात शिकलेल्या विद्यार्थ्याला ओळखणारा प्राध्यापक कुठून असणार? प्रत्येक अर्ज दोघांनी स्वतंत्रपणे, ठरलेल्या गुणतक्त्यावर वाचावा. मग वीस मिनिटांची मुलाखत घ्या, सगळ्यांना तेच पाच प्रश्न, आणि ते एक दिवस आधी पाठवून द्या. अचानक आलेल्या प्रश्नाला झटकन उत्तर देता येणं ही सवयीची गोष्ट आहे, संशोधनाची पात्रता नव्हे.

तारखांकडे सहसा कोणी बघत नाही. सेमिस्टर पद्धतीची विद्यापीठं मेच्या मध्यात मोकळी होतात, तर क्वार्टर पद्धतीची जूनच्या मध्यापर्यंत चालतात. मेअखेर सुरू होणारा कार्यक्रम क्वार्टरवाल्यांना न बोलता नाकारतो. दोन सुरुवातीच्या तारखा ठेवणं किंवा पहिला आठवडा ऑनलाइन करणं एवढ्यानेही भागतं. तसंच 'फक्त तिसऱ्या-चौथ्या वर्षाचे' ही अट कम्युनिटी कॉलेजच्या मुलांना बाद करते, कारण तिथला अभ्यासक्रमच दोन वर्षांचा असतो.

पैशाचं गणित विद्यार्थ्याच्या बाजूने मांडा. तासाला १५ डॉलर देणाऱ्या दुकानात आठवड्याला ४० तास, दहा आठवडे काम केलं तर ६,००० डॉलर होतात. तुमचा स्टायपेंड (विद्यावेतन) याहून कमी असेल तर घरी पैसे पाठवणारी मुलं येणारच नाहीत, आणि कारण न सांगता 'दुसरीकडे निवड झाली' असं कळवतील. राहण्याचा आणि प्रवासाचा खर्च याच्यावर वेगळा हवा. विमानाचं तिकीट विभागाने थेट काढावं. 'आधी तुम्ही भरा, सहा आठवड्यांत परत मिळतील' हे वाक्य ज्याच्या खात्यात ८० डॉलर आहेत त्याला लागू होत नाही. पहिला हप्ता पहिल्या आठवड्यातच मिळाला पाहिजे, महिन्याच्या शेवटी नव्हे. स्टायपेंडमधून बहुधा कर कापला जात नाही, पण म्हणून तो करमुक्त ठरत नाही. हे पहिल्या दिवशी लेखी सांगा, नाहीतर एप्रिलमध्ये विवरणपत्र भरताना धक्का बसतो. वसतिगृह रविवारी उघडतं आणि कार्यक्रम सोमवारी सुरू होतो हेही पडताळून घ्या; मधल्या एका रात्रीच्या हॉटेलचा खर्च कोणाच्या डोक्यात नसतो.

विद्यापीठ स्टायपेंडऐवजी पगार देणार असेल तर आय-९ फॉर्म (नोकरी करायची कायदेशीर परवानगी तपासणारा) लागतो, आणि तो कामाच्या पहिल्या दिवसापासून तीन कार्यालयीन दिवसांत मूळ कागदपत्रांसह पुरा करावा लागतो. फोनमधला फोटो चालत नाही. सोशल सिक्युरिटी कार्ड आईच्या कपाटात हजार मैलांवर राहतं. त्यामुळे निवडपत्रातच, ठळक अक्षरात, 'मूळ पासपोर्ट, किंवा वाहन परवाना आणि मूळ सोशल सिक्युरिटी कार्ड सोबत आणा' असं लिहा आणि मेअखेर पुन्हा आठवण करा.

रक्ताचे किंवा ऊतींचे नमुने हाताळायचे असतील तर हिपॅटायटिस बी लशीची नोंद एप्रिलमध्येच मागवा. रक्तातून पसरणाऱ्या रोगजंतूंविषयीच्या ओशाच्या, म्हणजे कामाच्या जागेची सुरक्षितता पाहणाऱ्या सरकारी संस्थेच्या, नियमाप्रमाणे नेमणूक झाल्यापासून दहा कार्यालयीन दिवसांत लस देऊ करावी लागते. तो नियम कर्मचाऱ्यांसाठी असला तरी बहुतेक विद्यापीठं विद्यार्थ्यांकडूनही तेच पाळून घेतात. तीन डोसांचा नेहमीचा क्रम शून्य, एक आणि सहा महिन्यांचा, म्हणजे जूनमध्ये सुरू केलेला कोर्स उन्हाळ्यात संपत नाही. रुग्णालयात पाऊल ठेवायचं तर क्षयरोगाची चाचणी आली. त्वचेवरची चाचणी ४८ ते ७२ तासांनी वाचून घ्यावी लागते, आणि दोन टप्प्यांची मागितली तर दुसरी एक ते तीन आठवड्यांनी होते. रक्तावरची चाचणी एका फेरीत संपते. तिचा खर्च कार्यक्रमाने उचलावा, दहा दिवस वाचतात.

माणसांवरच्या संशोधनात विद्यार्थ्याचं नाव आयआरबीने, म्हणजे विद्यापीठाच्या संशोधन नीतिमत्ता समितीने, मंजूर केलेल्या यादीत चढल्याशिवाय तो माहितीला हात लावू शकत नाही. नाव चढवण्यासाठी आधी ऑनलाइन नीतिमत्ता प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं, आणि ते प्रशिक्षण करायला विद्यापीठाचं खातं लागतं. ते खातं जूनमध्ये मिळतं! ही साखळी उलटीकडून सोडवा: पाहुणा खातं मार्चमध्ये उघडून घ्या, प्रमाणपत्र एप्रिलमध्ये, यादीत नाव चढवण्याचा अर्ज मेच्या पहिल्या आठवड्यात. रुग्णांच्या नोंदी वापरायच्या असतील तर हिपा या रुग्णमाहितीच्या गोपनीयतेच्या कायद्यातले १८ ओळखचिन्हांचे प्रकार काढून टाकलेली फाइल आधीच तयार ठेवा. नाव आणि पत्ता काढला की झालं, असा समज असतो. पण दवाखान्यात दाखल झाल्याची तारीखसुद्धा त्या अठरांत येते.

आता प्रकल्प. प्रत्येक विद्यार्थ्यासाठी एक मुख्य आणि एक राखीव, असे दोन प्रकल्प लिहून घ्या. परवानगी अडकली, पेशींना जंतुसंसर्ग झाला, यंत्र बिघडलं, तर दुसऱ्या दिवसापासून राखीव कामाला लागता आलं पाहिजे. माझ्या मते सगळ्यांत भरवशाचा राखीव प्रकल्प म्हणजे एनहेन्स, म्हणजे सीडीसी या अमेरिकी रोग नियंत्रण संस्थेचं राष्ट्रीय आरोग्य व पोषण सर्वेक्षण. १९९९पासून, कोविडकाळातला खंड सोडला तर, ते सलग चालत आलं असून बरीच वर्षं दोन-दोन वर्षांच्या फेऱ्यांत त्याची माहिती प्रसिद्ध होत आलेली आहे. ती सर्वांना खुली आणि ओळख काढलेली असल्याने आयआरबीची अडचण सहसा येत नाही.

प्रश्न साधा घ्या: ज्या प्रौढांचा तपासणीतला रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून जास्त निघाला, त्यांतल्या किती जणांनी 'तुम्हाला उच्च रक्तदाब आहे असं डॉक्टरांनी कधी सांगितलंय का' या प्रश्नाला 'नाही' म्हटलं? वय, उत्पन्न, विमा यांप्रमाणे हे प्रमाण कसं बदलतं? आठ आठवड्यांत याचं उत्तर मिळतं आणि विद्यार्थ्याला ते आपल्या घरातल्या माणसाला समजावून सांगता येतं.

या कामात चार ठिकाणी पाय घसरतो. पहिलं, उत्तरांचे संकेतांक. त्या प्रश्नात १ म्हणजे हो, २ म्हणजे नाही, ७ म्हणजे उत्तर द्यायला नकार आणि ९ म्हणजे माहीत नाही. ७ आणि ९ रिकामे केले नाहीत तर ते हिशोबात मिसळून जातात आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. दुसरं, वजनं, म्हणजे नमुन्यातली एक व्यक्ती देशातल्या किती जणांच्या जागी धरायची ते आकडे. या सर्वेक्षणाच्या बऱ्याच फेऱ्यांत वृद्ध आणि काही वांशिक गट मुद्दाम लोकसंख्येतल्या प्रमाणापेक्षा जास्त घेतलेले असतात, त्यामुळे वजनाशिवाय काढलेली टक्केवारी देशाची नसते. रक्तदाब फिरत्या तपासणी केंद्रात मोजलेला आहे, म्हणून तपासणीचं वजन घ्यायचं, मुलाखतीचं नव्हे. उपाशीपोटी घेतलेली रक्तशर्करा वापरली तर तिचं तिसरंच वजन. दोन फेऱ्या एकत्र केल्या तर दोन वर्षांचं वजन दोनने भागायचं. तिसरं, आधी प्रौढांना गाळून घ्यायचं आणि मग नमुन्याची रचना सांगायची, ही सवय. क्रम उलटा हवा. आर ही संगणक भाषा वापरत असाल तर पूर्ण फाइलवर रचना जाहीर करा आणि उपगट त्यानंतर काढा; नाहीतर टक्केवारी बरोबर येते पण तिची त्रुटी-मर्यादा (मार्जिन ऑफ एरर) चुकते. चौथं, वय. ८०च्या पुढचे सगळे ८० म्हणूनच नोंदलेले असतात. आलेखात ८०वर उंच खांब दिसला की विद्यार्थी घाबरतो, मार्गदर्शकाने ते आधीच सांगावं.

पहिले दोन आठवडे फक्त संकेतपुस्तिका वाचणं, फाइली व्यक्तिक्रमांकावर जोडणं आणि जोडल्यानंतर ओळी किती उरल्या ते वहीत लिहिणं. तिसऱ्या आठवड्यात सीडीसीने प्रसिद्ध केलेला एखादा आकडा स्वतः काढून ताडून पाहायचा. तो जुळला की विद्यार्थ्याच्या चेहऱ्यावर जो विश्वास येतो, तो कोणत्याही प्रेरणादायी भाषणाने येत नाही. नवा प्रश्न त्यानंतरच.

ओल्या प्रयोगशाळेत, म्हणजे जिथे द्रव आणि पेशी हाताळतात तिथे, पहिल्या दिवशी पेशी नकोत, पाणी द्या. २०० मायक्रोलिटरचा पिपेट १००वर लावून शुद्ध पाण्याचे दहा थेंब एकामागून एक सूक्ष्म तराजूवर तोलायचे. प्रत्येकाचं वजन १०० मिलिग्रॅमच्या अगदी जवळ यायला हवं. सरासरी ठीक पण आकडे विखुरलेले असतील तर हात अस्थिर आहे, बहुतेक वेळा बटण झटक्यात सोडलं जातंय. विखुरलेपण कमी पण सगळेच आकडे ९५च्या आसपास असतील तर पिपेटची टिप नीट बसलेली नाही किंवा पिपेटच दुरुस्तीला द्यायचा आहे. आकडे एकेक करून घटत जात असतील तर पाणी उडतंय. एका तासात विद्यार्थिनी दोन गोष्टी शिकते: आपली चूक आणि उपकरणाची चूक वेगळी ओळखायला, आणि चुकीबद्दल न लाजता आकड्यांत बोलायला. विखुरलेपण दोन टक्क्यांखाली आलं की पुढचं काम. ही पायरी गाळली तर सहाव्या आठवड्यात प्रमाण वक्रावरचे (ज्ञात प्रमाणांच्या नमुन्यांवरून काढलेल्या आलेखावरचे) बिंदू वेडेवाकडे पडतात आणि सगळे रसायनाला दोष देतात.

आठ विद्यार्थी म्हणजे आठ प्राध्यापक आणि त्यांच्याखालचे आठ रोजचे मार्गदर्शक. या दुसऱ्या आठांची निवड पहिल्या आठांपेक्षा महत्त्वाची. प्राध्यापक आठवड्यातून एक तास भेटतील; 'हा सेंट्रिफ्यूज का बंद पडला' हे विचारायला पोस्टडॉक किंवा पीएचडीचा विद्यार्थीच असतो. त्यांच्या रजेच्या तारखा एप्रिलमध्ये लेखी घ्या आणि बदली माणसाचं नाव त्याच कागदावर लिहून घ्या. त्यांनाही मानधन द्या, निदान परिषदेचा प्रवासखर्च तरी, कारण त्यांचे दहा आठवडे यात जाणार आहेत. जूनआधी मार्गदर्शकांची दोन-दोन तासांची तीन सत्रं घ्या, त्यात भाषण नको, प्रसंग सोडवायला द्या. 'विद्यार्थिनी तीन दिवस गप्प बसून आहे, काम पुढे सरकत नाही, विचारलं तर सगळं ठीक आहे म्हणते.' बहुतेक मार्गदर्शक याचा अर्थ 'रस नाही' असा लावतात. घरातून पहिल्यांदा कॉलेजात आलेल्या मुलीला वाटत असतं, आपण प्रश्न विचारला तर निवड चुकली हे सगळ्यांना कळेल. यावर उपाय नियमाचा आहे: अर्धा तास अडलं की विचारायचंच, न विचारणं ही चूक धरली जाईल, असं पहिल्या दिवशी सांगून टाका. मग विचारणं म्हणजे कमीपणा राहत नाही, नियम पाळणं होतं. कामाचे तास, भेटीची वेळ, ईमेलला उत्तर कधी अपेक्षित, प्रयोगवही कोणाची, लेखात नाव केव्हा येईल, हे एका पानावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. आणि पाचव्या आठवड्यात, शेवटी नव्हे, कार्यक्रम समन्वयकाने प्रत्येक विद्यार्थ्याशी मार्गदर्शकाच्या गैरहजेरीत पंधरा मिनिटं बोलावं. मार्गदर्शक बदलायचा असेल तर तो तेव्हाच बदलता येतो, आठव्या आठवड्यात फक्त सहानुभूती दाखवता येते.

काचसामान धुणं, नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवणं हे सगळ्यांनीच करायचं असतं. पण एखाद्याच्या वहीत दोन आठवडे तेवढंच दिसलं तर हस्तक्षेप करा. त्यासाठी समन्वयकाने दर शुक्रवारी आठही वह्या दहा मिनिटं चाळाव्यात.

साप्ताहिक सत्रात शोधनिबंधांचं वाचन ठेवाल तेव्हा विषय मोकळेपणाने निवडा. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की धमनीतल्या रक्तात ऑक्सिजन खरोखर कमी असूनही बोटावरच्या ऑक्सिमीटरने तो ठीक दाखवण्याचं प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत श्वेतवर्णीयांच्या जवळपास तिप्पट होतं, ११.७ विरुद्ध ३.६ टक्के. मूत्रपिंडाची क्षमता मोजण्याच्या सूत्रात वंशाचा गुणक होता, तो काढून टाकायची शिफारस २०२१मध्ये आली. हे दोन लेख वाचताना मुलं विचारतात, 'हे इतकी वर्षं कोणी तपासलं का नाही?' त्या प्रश्नाला घाईने उत्तर देऊ नका. संशोधनात कोण बसलेलं असतं यावर काय तपासलं जातं ते ठरतं, हे त्यांना स्वतःलाच सापडू द्या.

पोस्टर ४८ बाय ३६ इंचाचं ठरवा आणि छपाईची तारीख सादरीकरणाच्या चार कार्यालयीन दिवस आधी ठेवा, कारण त्या आठवड्यात सगळ्या विद्यापीठाचीच पोस्टरं छापायला येतात. निष्कर्ष आठव्या आठवड्याच्या शुक्रवारी गोठवा. नवव्यात आलेला सुंदर आकडा असला तरी तो तोंडी सांगायचा. अपेक्षेप्रमाणे काही निघालं नाही तर तेच छापा, किती नमुने होते आणि किती मोठा फरक पकडता आला असता यासकट. २५० शब्दांचा सारांश मात्र दहाव्या आठवड्याच्या गुरुवारपर्यंत मार्गदर्शकाच्या सहीनिशी तयार हवा. एबीआरसीएमएस आणि सॅकनस या परिषदांत अशा विद्यार्थ्यांना आपलं काम मांडायची उत्तम संधी मिळते. त्या शरद ऋतूत भरतात आणि सारांश कितीतरी आधी मागवतात. विद्यार्थी आपल्या कॉलेजात परतला, वर्ग सुरू झाले, मार्गदर्शक अनुदानाच्या अर्जात बुडाला, की सहलेखकांची परवानगी मिळवणं जवळजवळ अशक्य होतं.

शेवटच्या शुक्रवारी दुपारी दोन कामं उरतात. विद्यापीठाचं तात्पुरतं खातं बंद होण्याआधी विद्यार्थ्याचा कोड, पोस्टर, सारांश आणि मार्गदर्शकाच्या परवानगीने निष्कर्षांचे आलेख त्याच्या स्वतःच्या खात्यात गेले का ते शेजारी बसून तपासा. रुग्णांची माहिती त्यात नाही याचीही खात्री करा. आणि शिफारसपत्राचा मसुदा त्याच दिवशी लिहून ठेवा. पीएचडीचे अर्ज डिसेंबरच्या सुमारास भरायचे असतात. तोपर्यंत 'मेहनती आणि हुशार' एवढंच आठवतं. ऑगस्टमध्ये मात्र हे आठवत असतं की चौथ्या आठवड्यात ओळी जुळेनात म्हणून तिने दोन फाइलींतले व्यक्तिक्रमांक हाताने ताडून पाहिले, एका फाइलीत दुसऱ्याच फेरीची माहिती आलेली आहे हे शोधलं, आणि कोणी सांगायच्या आत सगळं विश्लेषण पुन्हा केलं.